शाझली रईसच्या जहाजी सूचना

पोर्ट सईदमध्ये कुणाला जहाजाच्या सफरीला जायचं असलं की तो आधी तिकीट काढतो आणि मग शाझली रईसला गाठतो. काही शहाणे उलट करतात. ते आधी शाझलीला गाठतात आणि मग तिकीटच काढत नाहीत; कारण त्याच्या सूचना ऐकून झाल्या की माणसाला वाटतं, आता मुद्दाम जाऊन पाहायचं ते काय राहिलं.

रईस म्हणजे होडीचा धनी. शाझलीची होडी आता उलटी घालून ठेवलेली असते, पण रईस ही पदवी उलटी घालता येत नाही. धंद्याने तो बंबोटी. कालव्यात शिरायला थांबलेल्या मोठ्या जहाजांच्या पोटाशी होडी लावायची, दोराची टोपली वर फेकायची आणि कठड्यावरून वाकलेल्या प्रवाशांना चामड्याचे उंट, अत्तराच्या बाटल्या, कशिद्याच्या शाली विकायच्या, हे बंबोट्याचं काम. शाझलीने ते चाळीस वर्षं केलं. अकरा भाषांत त्याला 'मावशी, हे खास तुमच्यासाठी ठेवलंय' एवढं म्हणता येतं, आणि बाराव्या भाषेत भांडता येतं. आवाज असा, की सात मजले वर ऐकू जावा. घरातही तो तसाच लागतो. त्याची बायको इन्शिराह म्हणते, या माणसाने मला कधी हाक मारलीच नाही, आरोळीच मारली.

पुढे मालाच्या लोखंडी खोक्यांची जहाजं आली. त्यांच्यावर वीस माणसं, आणि त्यातलं एकही खाली बघत नाही. धंदा आटला. मग शाझली फेरीबोटीच्या धक्क्यासमोरच्या कॅफेत बसू लागला आणि तिथे त्याच्या सूचना सुरू झाल्या.

"प्रवासी कसा असतो हे प्रवाशाला कळत नाही," तो चहाचा पेला बाजूला सारून सुरुवात करी. "तो वर असतो. मी खालून बघितलाय."

आणि गंमत अशी, की सूचना खऱ्या होत्या. मोठी बॅग तुमच्या आधी जहाजावर जाते आणि तुमच्यानंतर खोलीत येते, कधी कधी पार संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चष्मा, कागद आणि कपड्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीत हवा. "मी डॉक्टर बघितलेत. रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेत, आणि स्वतः कठड्यावर घामाघूम." खोली घ्यायची तर खालच्या मजल्यावरची आणि मधोमध, वरची मिरवायला असते, खालची झोपायला. आत थंडगार हवा सोडतात, तेव्हा बाहेर उन्हाळा असला तरी स्वेटर घ्या. पोट ढवळलं तर हिरवं सफरचंद, सुकी बिस्किटं, आणि नजर लांब, पाण्याच्या रेषेवर. फोन एक वेळ समुद्रात पडला तरी चालेल, पण समुद्रात चालू ठेवू नका; घरी आल्यावर बिल बघून तुम्हीच बुडाल. घरून खाणं नेऊ नका. ही सूचना पोर्ट सईदमध्ये कुणीच पाळत नसे. खारवलेल्या शिंपल्यांची बरणी घेतल्याशिवाय इथला माणूस दवाखान्यातही भरती होत नाही.

बंदरात उतरल्यावर खरेदी करायची असेल, तर पहिली वस्तू परत करायची. कितीही आवडली तरी. "विकणारा चांगला माल दुसऱ्यांदा काढतो," शाझली सांगे. "हे तुम्हाला कोण सांगतोय? ज्याने चाळीस वर्षं आधी वाईट माल काढला, तो."

आणि सगळ्यात शेवटी, बोट वर करून, त्याची लाडकी सूचना: "घड्याळ लावायचं ते जहाजाचं. परतीच्या वेळेआधी एक तास शिडीपाशी हजर. जहाज कुणासाठी थांबत नाही. मी माणसं धक्क्यावर पळताना बघितलीत. मंत्र्याचे मेहुणे पळताना बघितलेत. उशीर झाला की जहाजवाले तुमचा पासपोर्ट खाली बंदरातल्या एजंटाकडे सोडतात आणि निघतात. एजंटाच्या हातात आपला पासपोर्ट दिसला की समजायचं, आता घरी बसने."

निवृत्त शिंपी मितवल्ली तिथेच डॉमिनो खेळत असे. तो मान वर न करता विचारी, "रईस, तुझी खोली कुठल्या मजल्यावर होती रे?"

"माझी? माझ्या वेळी मजले मोजत नसत."

कारण शाझलीने जहाजावरून एकदाही प्रवास केलेला नव्हता. कालव्याच्या या काठावरून त्या काठावर, पोर्ट फुआदच्या घराकडे नेणारी फुकट फेरीबोट, एवढाच त्याचा प्रवास. इथून तिथे दहा मिनिटं, तीही मध्ये टँकर आडवा आला तर. हे नक्की माहीत असलेली व्यक्ती एकच होती, ती इन्शिराह. आणि तिला ते अडतीस वर्षं माहीत होतं.

साखरपुड्यानंतर ती दोघं पहिल्यांदा फिरायला गेली ती त्याच फेरीबोटीवर. बाजूने एक पांढरं जहाज चाललं होतं. शाझलीने वर बोट दाखवलं आणि साऱ्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एक दिवस तुला त्या कठड्यावर उभी करीन. वरून आपलं घर बघशील." बोटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या साक्षीदारांसमोर दिलेला शब्द माणूस पाळेल असं विशीतल्या मुलीला वाटलं तर तिचा काय दोष? इन्शिराहला ना हिरे हवे होते, ना परदेश. तिला एकदाच त्या कठड्यावरून वाकून खाली बघायचं होतं.

दर वर्षी ती विषय काढी आणि दर वर्षी सूचना आडवी येई. जानेवारीत समुद्र खवळलेला, जूनमध्ये लोखंड तापलेलं. नव्या जहाजाची पहिली फेरी घेऊ नये, जुन्याची शेवटची. मधल्या खोल्या भरल्या, आणि टोकाच्या खोलीत तुला मी झोपवणार नाही, उम्म निहाल, माझं मन होणार नाही. उम्म निहाल म्हणजे निहालची आई. तो गोड बोलायला लागला की हे नाव वापरी, आणि हे नाव ऐकलं की इन्शिराह समजे, यंदाही गेलं.

शेवटी त्यांच्या मुलीने, निहालनेच केलं. ती शारजात शिकवते. तिने दोन तिकिटं काढली आणि मग फोन केला: पोर्ट सईदहून कालव्यातून लाल समुद्रात, अकाबाला एक दिवस, आणि परत पोर्ट सईद.

"फेब्रुवारीत?" शाझली म्हणाला. "फेब्रुवारीत तिकडे उत्तरेचा वारा असतो."

"असू दे, बाबा. आईने स्वेटर विणलाय."

"खोली कुठली मिळाली?"

"खालच्या मजल्यावर. मधोमध. तुम्हीच सांगता ना, तशी मुद्दाम मागून घेतली."

"जहाज जुनं आहे की नवं?"

"मधलं," निहाल म्हणाली.

आयुष्यभराच्या सूचनांनी शाझलीचीच दारं एकेक करून लावून घेतली होती. इन्शिराह ताटातल्या भातातले माशाचे काटे काढत होती. तिने मान वर केली नाही. हसू दिसलं असतं.

कॅफेत बातमी गेली. मितवल्लीने डॉमिनो ठेवले. पाहुणा परत यायला नको असला, की त्याच्या पाठीमागे मडकं फोडायची इथली रीत आहे. "रईस, मडकं आणून ठेवलंय," तो म्हणाला. "पण तुझ्या मागे फोडायचं की तुझ्या सूचनांच्या मागे, तेवढं सांग."

"तू आपलं मोजमाप घे," शाझली म्हणाला. "माझा सूट पोटावर बसत नाहीये." जहाजावर एका संध्याकाळी कप्तानाबरोबर जेवण असतं, त्याला एक चांगला पोशाख हवा, हीही त्याचीच सूचना होती.

बॅग भरताना इन्शिराहला कपड्यांच्या तळाशी काहीतरी टणक लागलं. काढून बघते तर बंबोट्याचा जुना दोर आणि वेताची टोपली.

"हे कशाला?"

"जहाजावर दोर केव्हाही लागतो."

"कुणाला? सामान कमी न्या, निम्मं काढून ठेवा, असं जगाला सांगतोस."

"मी जगाला प्रवाशांच्या सूचना सांगतो," शाझली म्हणाला. "मी काय प्रवासी आहे?"

तिने दोर परत तळाशी ठेवला.

जहाजावर दोघं दुपारीच चढली. ऊन कलतं होतं. इन्शिराहने खोली बघितली नाही, खाणं बघितलं नाही, ती तडक कठड्याशी गेली. आणि दिसलं. पलीकडच्या काठावर पोर्ट फुआदच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, टीव्हीच्या तबकड्या, आणि त्यात तिसऱ्या ओळीत तिची स्वतःची गच्ची, दोरीवर विसरलेल्या निळ्या चादरीसकट. ती चादर बघून तिला जे वाटलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. अडतीस वर्षं वाट बघितली आणि पहिली गोष्ट दिसली ती राहून गेलेलं काम. तिला हसू आलं, मग डोळे भरून आले, मग पुन्हा हसू आलं.

"शाझली, बघ, आपली चादर."

शाझली कठड्यापासून चार हात मागे, भिंतीला टेकून उभा होता. खाली एक होडी जहाजाला लगटली होती आणि त्यातला बंबोटी टोपली फिरवत ओरडत होता.

"वरून नुसतं टक्कल दिसतं त्याचं," तो म्हणाला. "माणूस कळत नाही. अशाला काय विकत घ्यायचं?"

रात्रभरात जहाज कालव्यात शिरलं. दुसऱ्या दिवशी इन्शिराह सगळा वेळ बाहेर खुर्ची टाकून बसली. दोन्ही काठांना वाळू, मध्ये त्यांचं जहाज. सुवेझ मागे पडलं आणि खरोखरच उत्तरेचा वारा सुटला. शाझली ज्या होडीत उभा राहून आयुष्यभर लाटा खात आला, ती होडी त्याच्या पायांना कळत होती. हे प्रचंड घर, जे हलतं पण आपण हललो असं कबूल करत नाही, ते त्याला झेपेना. तो खोलीत आडवा झाला.

"हिरवं सफरचंद खा," इन्शिराह म्हणाली.

"नको."

"सुकी बिस्किटं."

"नको म्हणतोय ना."

"मग बाहेर ये आणि नजर पाण्याच्या रेषेवर ठेव. खोलीत पडून राहिलं तर वाढतं. असं एक जाणकार माणूस सांगतो."

त्याने उशी तोंडावर घेतली. पुढले दोन दिवस जहाजावर शाझली म्हणजे नुसतं एक पांघरूण होतं. कप्तानाच्या जेवणाला इन्शिराह एकटीच गेली, आणि परत आल्यावर त्याला सांगितलं, की टेबलावर आठ माणसं होती आणि त्यांपैकी सहा जणांच्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहिल्या होत्या. ते ऐकून तो पहिल्यांदा उठून बसला.

अकाबाला पाय जमिनीला लागताच माणसात रंग भरला. त्यांनी किल्ला बघितला, मासळी खाल्ली, एकमेकांचे फोटो काढले. जहाजाची वेळ चारची. इन्शिराहने तीनलाच पदराला धरल्यासारखं त्याला धक्क्याकडे आणलं. फोन दोघांचेही बंद होते. पूर्ण सफरीत ते उघडायचे नाहीत असं शाझलीने घरीच बजावलं होतं.

धक्क्याच्या फाटकाबाहेर रंगीत वाळूच्या बाटल्या विकणाऱ्याची गाडी होती. बाटलीत वाळूचे थर भरून उंट, डोंगर, गिऱ्हाइकाचं नाव, असं काहीही काढून देतात. हा विकणारा गाडीमागे स्टुलावर बसून डुलक्या काढत होता. समोर जहाजावरच्या चार इटालियन बायका बाटल्या उचलून बघत होत्या आणि परत ठेवत होत्या.

शाझली थांबला.

"चल," इन्शिराह म्हणाली.

"तो झोपलाय."

"झोपू दे."

"अगं, चार बायका उभ्या आहेत. चौघींच्या हातात पाकिटं आहेत. आणि तो झोपलाय." त्याचा आवाज अपमान झाल्यासारखा येत होता. "तू हो पुढे. मी त्याला नुसता उठवून येतो."

इन्शिराहने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे झाली. तास आधी शिडीपाशी, म्हणजे तास आधी.

वर जाऊन ती कठड्याशी उभी राहिली. फाटक तिथून स्वच्छ दिसत होतं. शाझलीने विकणाऱ्याला उठवलं नव्हतं. त्याने एक बाटली उचलली होती आणि ती उन्हात धरून इटालियनमध्ये सांगत होता, की मावशी, ही खास तुमच्यासाठी ठेवलीये. चाराच्या आठ बायका झाल्या. मग जर्मन आले. विकणारा जागा होऊन भराभर वाळू भरत होता आणि शाझली डोक्यावरून बाटल्या नाचवत होता, एक लपवत होता, दुसरी काढत होता, रुसत होता, पाठ फिरवत होता, परत वळत होता. त्याचं पोट आत गेलं होतं, खांदे वर आले होते. इन्शिराहने तो असा वीस वर्षांत बघितला नव्हता. खरं तर असा कधीच बघितला नव्हता. ती कायम काठावर असायची.

पाऊण तास झाला. बाटल्या काखोटीला मारून इटालियन बायका परत आल्या, जर्मन परत आले. शाझलीभोवती आता दुसऱ्याच कुठल्या बसमधून उतरलेले लोक होते. इन्शिराहने हात हलवला, ओढणी हलवली. तो या बाजूला बघतच नव्हता. बंबोटी जहाजाकडे बघतो ते गिऱ्हाईक शोधायला, आणि त्याच्याकडे ते होतं.

जहाजाचा एक अधिकारी वहीत बघून तिच्याकडे आला. "मदाम, तुमच्या खोलीतला एक जण कमी आहे."

"तो बघा. बाटल्या विकतोय."

अधिकाऱ्याने बघितलं. "तो आपला प्रवासी आहे?"

"नाही," इन्शिराह म्हणाली, "पण तिकीट त्याच्या नावाचं आहे."

"त्यांचा पासपोर्ट खाली एजंटाकडे देतोय. शिडी पाच मिनिटांत उचलू. तुम्हाला त्यांच्याबरोबर उतरायचं असेल तर आत्ता."

इन्शिराह शिडीकडे बघत राहिली. उतरायचं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. नुवेबाला जाणारी फेरीबोट, सिनाईतली बस, आणि घरी पोचल्यावर सबंध कॅफेसमोर शाझलीची नवी सूचना, की नवरा-बायकोने बंदरात बरोबर राहावं. आणि परतीचा कालवा राहून जाणार. दिवसाउजेडी पोर्ट सईदमध्ये शिरताना कठड्यावर उभं राहणं राहून जाणार. पुढल्या वर्षी जानेवारीत समुद्र खवळलेला, जूनमध्ये लोखंड तापलेलं.

"पाच मिनिटं पुष्कळ झाली," ती म्हणाली आणि खोलीत गेली.

ती परत आली तेव्हा शिडी उचलली होती आणि जहाजाने भोंगा दिला होता. त्या आवाजाने मात्र शाझलीची मान वळली. भोंगा झाला की बंबोटी मागे सरकतो, हे चाळीस वर्षं अंगात मुरलेलं. तो सवयीने दोन पावलं मागे सरकला, मग त्याला आठवलं की आपण आतले आहोत, आणि तो पळत सुटला. फाटकातून, मंत्र्याच्या मेहुण्यासारखा.

धक्क्याच्या कडेला येऊन त्याने वर बघितलं. तीन मजले वर कठड्यावर वाकलेली इन्शिराह. खाली तो.

"इन्शिराह! थांबव त्यांना!"

"जहाज कुणासाठी थांबत नाही, रईस. चल, हात पुढे कर."

तिने दोर सोडला. दोराला टोपली, टोपलीत खांद्यावरची पिशवी: रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, एक जोड कपडे, स्वेटर आणि हिरवी सफरचंदं. अधिकारी म्हणाला, "मदाम, असं करता येत नाही." पण तोपर्यंत टोपली खाली पोचली होती आणि शाझलीने ती अगदी सराईतपणे झेलून रिकामीही केली होती. इन्शिराहने दोर ओढून घेतला. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये हिरवं पाणी दिसू लागलं.

"मी तुझ्याशिवाय कसा येऊ?" शाझली ओरडला.

"बसने," ती म्हणाली.

त्याच्या मागून एजंट पासपोर्ट घेऊन चालत येत होता, तेही तिला वरून दिसलं. वरून खरंच खूप दिसतं.

उरलेली सफर तिने पूर्ण केली. पहिल्या रात्री तिला झोप लागली नाही. त्या घोरण्याची सवय होती. पण सकाळी तिने खुर्ची बाहेर ओढली. इटालियन बायका तिच्याशेजारी येऊन बसल्या आणि खुणांनी विचारलं, तो बाटल्यांचा माणूस तुमचा कोण? इन्शिराहने छातीवर हात ठेवला. त्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. एकीला मळमळत होतं, तिला इन्शिराहने सफरचंद दिलं आणि बोटाने पाण्याची रेष दाखवली.

पोर्ट सईद आलं तेव्हा चांगलं ऊन होतं. गच्चीवर चादर नव्हती. म्हणजे बस पोचली होती.

ती धक्क्यावर त्याला शोधत होती आणि आरोळी आली ती पाण्यातून. खाली, जहाजाच्या पोटाशी, धुऊन पुसून सरळ केलेली होडी. वल्ह्यावर तक्रार करणारा मितवल्ली, आणि मधोमध उभा शाझली. वरून टक्कल दिसत होतं. पण शाझली चुकला होता. माणूस चांगला कळत होता.

"मावशी!" तो ओरडला. "टोपली सोडा! हे खास तुमच्यासाठी ठेवलंय!"

कठड्यावर माणसं गोळा झाली. इन्शिराहने दोर सोडला आणि ओढून घेतला. टोपलीत रंगीत वाळूची बाटली होती. उंट, डोंगर, सूर्य. अशा हजारो मिळतात.

तिने ती फिरवून बघितली, उन्हात धरली. मग टोपलीत ठेवली आणि टोपली खाली सोडली.

"आवडली नाही?" शाझलीचा आवाज पहिल्यांदाच मजल्या-मजल्यांनी खाली आला.

"दुसरी दाखव," इन्शिराह म्हणाली.

तो होडीच्या फळीखाली वाकला, फडक्यात गुंडाळलेली दुसरी बाटली काढली आणि टोपलीत ठेवली. तिच्या वाळूत एक पांढरं जहाज होतं, आणि कठड्याच्या रेषेवर, निळ्या अक्षरांत, तिचं नाव.